वरच्या गटातलं पहिलं वर्ष

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. आमच्या फुटबॉल लीगच्या खालच्या गटातला शेवटचा सामना आम्ही बरोबरीत सोडवला आणि त्या एका गुणाच्या जोरावर वरच्या गटात गेलो. पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं, कुणीतरी गुलाल आणला, रात्री शेवभाजी-भाकरीचं जेवण झालं. पंगत उठायच्या वेळी सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "पोरी, क्लबची फाईल कुठे आहे आपली?"

मी क्लबची सचिव. भुसावळात माझं छोटं ई-सेवा केंद्र आहे, धाकटा भाऊ क्लबकडून लेफ्ट बॅक खेळतो. अर्ज भरणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी हे पद माझ्याकडे दिलं. सर रेल्वेतून निवृत्त झालेत आणि पंचवीस वर्षं या मैदानावर पोरांना शिकवतायत. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांचे संघ वरच्या गटात असतात आणि तिथं क्लब नोंदणीकृत असावा लागतो, हे सरांना आधीच्या एका प्रयत्नातून ठाऊक होतं. मला नव्हतं. आम्ही या वर्षात ज्या ज्या ठिकाणी अडकलो ते सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. पुढच्या वर्षी जो क्लब वर येईल त्याला निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.

फाईल सापडली ती सरांच्या घरी, लोखंडी पेटीत. नोंदणीचं प्रमाणपत्र होतं, सार्वजनिक न्यास म्हणून मिळालेला 'एफ' क्रमांक होता, म्हणजे पाया पक्का होता. पण कागदावरचं कार्यकारी मंडळ २०११ चं. त्यातले दोघे वारले, एकजण पुण्याला स्थायिक झाला. मंडळ बदललं की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आमच्याकडून तेरा वर्षांत एकही गेला नव्हता.

मार्च आणि एप्रिल यातच गेले. जुन्या सभांची इतिवृत्तं शोधली, सर्वसाधारण सभेची नोटीस काढली, ठराव केला, नव्या सात जणांची संमतिपत्रं घेतली, वारलेल्या दोघांचे मृत्यू दाखले त्यांच्या घरून आणले. एकाच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी आधी चहा दिला आणि मग कपाटातून त्यांच्या तरुणपणीचा जर्सीतला फोटो काढून दाखवला. दाखल्याची झेरॉक्स घेऊन मी निघाले, पण तो फोटो काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. पेटीत सापडलेली ती सगळी नावं म्हणजे उन्हातान्हात याच काळ्या मातीवर धावलेली माणसं होती. तेव्हापासून फाईल माझ्यासाठी नुसती फाईल राहिली नाही.

प्रत्येक बदलाचा वेगळा अर्ज, सोबत विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. जळगावला माझ्या सहा फेऱ्या झाल्या. वकिलांनी ओळखीचे म्हणून फक्त ४,००० रुपये घेतले. मे महिन्यात लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे तारीख पुढे गेली. आदेश हातात पडला १९ जुलैला. लीगची प्रवेशिका ३१ जुलैपर्यंत होती. तुमचा क्लब खालच्या गटात असतानाच हे काम उरकून घ्या. वर गेल्यावर करू म्हणाल, तर पुरेसे दिवस हातात राहत नाहीत.

बँकेचंही तसंच. खात्यावर सह्या जुन्यांच्या. आदेशाची प्रत दिल्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार या तिघांपैकी दोघांच्या सहीचा नियम करून घेतला. वर्गणी कुणाच्याही वैयक्तिक फोनवर घ्यायची नाही, थेट क्लबच्या खात्यात घ्यायची आणि दहा रुपयांचीही पावती फाडायची, हे सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. सुरुवातीला लोक कुरकुरले, मग तेच लोक पावती दाखवून दुसऱ्यांकडून वर्गणी आणू लागले.

त्यानंतर खेळाडूंची नोंदणी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खेळाडू नोंदणीची ऑनलाइन प्रणाली आहे, सगळे तिला सीआरएस म्हणतात. आमच्या लीगमध्ये वरच्या गटासाठी ती सक्तीची. फोटो, आधार, जन्मदाखला. २६ पोरांपैकी ९ जणांच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं. कुठं वडिलांचं नाव मधे नाही, कुठं आडनावाचं स्पेलिंग वेगळं, एकाची तर जन्मतारीखच एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली एक जून आमच्या भागात घरोघरी सापडते. तो मुलगा यावल तालुक्यातला, केळीचे घड उतरवायचं काम करतो. त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत जन्माची नोंद मिळाली, पण त्यासाठी त्याची तीन दिवसांची मजुरी बुडाली. ती क्लबने भरून दिली. असा खर्च आधीच धरून ठेवा, नाहीतर मुलगा लाजेने सांगत नाही आणि नोंदणीच सोडून देतो.

ऑगस्टमध्ये लीगचे लोक मैदान पाहायला आले. आमचं मैदान ९६ मीटर लांब, ५८ रुंद, नियमात बसणारं. गोलची रुंदी ७.३२ मीटर, तीही बरोबर. मग त्यांनी टेप उभी धरली. जमिनीपासून आडव्या दांड्याच्या खालच्या कडेपर्यंत २.४४ मीटर हवं, आमच्याकडे भरलं २.३३. दुसऱ्या टोकाला २.३५. कुणाला काही समजेना. खांब तर सरांनी स्वतः उभे राहून रोवून घेतलेले. मग सरच खाली बसले, बोटाने माती उकरली आणि म्हणाले, "खांब नाही बुडाले भो, जमीन वर आली." दरवर्षी पावसाळ्यानंतर भेगा बुजवायला आम्ही ट्रॉलीभर काळी माती आणून टाकायचो. गोलच्या तोंडाशी सगळ्यात जास्त, कारण तिथंच सगळ्यात जास्त खड्डे. अशी वर्षानुवर्षं माती चढत गेली आणि आमचे गोलकीपर ठेंगण्या गोलमध्ये तयार झाले. पुढच्या दोन रविवारी सगळ्या संघाने फावडी-घमेली घेऊन दोन्ही गोलसमोरची माती काढली आणि उतार मिळवून घेतला. माझ्या भावाच्या तळहाताला फोड आले. आमच्या गोलकीपरने नव्या उंचीच्या दांड्याखाली उभं राहून दोनदा उडी मारून पाहिली आणि गप्प उभा राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपण खरंच दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी चाललोय.

२० ऑक्टोबर, पहिला सामना धुळ्यात. दोन क्रूझर केल्या, पहाटे चारला निघालो. जळगाव, एरंडोल, पारोळा. गाडीत पोरं मोठ्याने गाणी म्हणत होती. परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला होता, मैदान वरून सुकलेलं आणि आतून ओलं. काळी माती अशी असली की बुटाच्या स्टडला चिकटते, त्यावर गवत चिकटतं, मग परत माती. दहा मिनिटांत प्रत्येक पायाला पाव किलोचं वजन. त्यांच्या राखीव खेळाडूंकडे जुने खराटे होते, खेळ थांबला की ते पटकन आपल्या माणसाचे बूट साफ करून द्यायचे. आमची पोरं बोटांनी माती काढत होती. विश्रांतीला आम्ही ०-१ ने मागे होतो, मला वाटलं बरं चाललंय. शेवटी ०-६ हरलो. परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा कुणी गाडीतून उतरायलाच तयार नव्हतं.

पुढचा सामना घरी, १-३. दिवाळीनंतर १० नोव्हेंबरला बाहेर, ०-२. तीन सामने, तीन पराभव, ११ गोल खाल्ले.

आमच्यात एक मुलगा आहे, इंजिनिअरिंगला शिकतो, रात्री जागून इंग्लंडचे सामने पाहतो. त्याने सांगितलं की २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये वर आलेले तिन्ही संघ, ल्यूटन, बर्नली, शेफील्ड युनायटेड, एकाच वर्षात परत खाली गेले. भावाने त्याच्यावर आवाज चढवला, "काबरं सांगतो रे हे आत्ता?" पण सरांनी त्याला बोलू दिलं. तो पुढे म्हणाला, पंजाब एफसीचंही बघा. आय-लीग, म्हणजे खालची लीग, जिंकून आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये, चढलेला पहिला क्लब. २०२३ च्या सप्टेंबरात हंगाम सुरू झाला, पहिला विजय मिळायला डिसेंबर उजाडला आणि शेवटी ते बारापैकी आठवे आले. म्हणजे सुरुवात वाईट झाली म्हणून सगळं संपत नाही. त्या रात्री मला झोप नाही लागली. मी मॅच शीटच्या झेरॉक्स काढून बसले.

गोल कोणत्या मिनिटाला झाला ते रेफ्री शीटवर लिहितात. ११ पैकी ७ गोल सत्तराव्या मिनिटानंतरचे होते. खालच्या गटात आमचे सामने ३५-३५ मिनिटांचे व्हायचे. वरच्या गटात पूर्ण ४५-४५. आमची पोरं सत्तर मिनिटांचं फुटबॉल खेळायला शिकली होती, आणि सत्तर मिनिटं ती बरोबरीने खेळतही होती. दुसरी गोष्ट शीटवरच दिसली. लीगमध्ये पाच बदली खेळाडू उतरवता येतात. धुळ्याच्या संघाने पाचही उतरवले. आमच्या बाकावर त्या दिवशी दोघेच होते, त्यातला एक गोलकीपर.

नोंदणी २६ जणांची होती, मग रविवारी तेराच का? मी एकेकाला फोन केला. एक जिनिंगमध्ये, कापसाचा हंगाम, रविवारी दुप्पट मजुरी. दोघांच्या घरी शेतात वेचणी. एकजण कोचिंग क्लासला. सेंटर बॅक शिक्षक आहे, त्याला निवडणुकीचं प्रशिक्षण. आणि आमचा मुख्य गोलकीपर रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. त्याला रविवार-सोमवार असं काही नसतं, ड्युटी लागली की इगतपुरी नाहीतर खंडवा. यातलं कुणीच टाळाटाळ करत नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं, आणि खालच्या गटात तेरा जणांवर भागून जायचं.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. त्यामुळे १७ आणि २४ तारखेचे सामने नव्हते. त्या दोन मोकळ्या आठवड्यांनी आम्हाला वाचवलं असं मी म्हणेन. एक शंभर पानी वही आणली. दर गुरुवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकाने 'हो' किंवा 'नाही' कळवायचं, कारण सांगायची गरज नाही. अठराच्या खाली आकडा आला की शुक्रवारी मी आणि भाऊ घरोघर जायचो. जिनिंगच्या मुलाच्या मुकादमाला सर स्वतः भेटले आणि त्याची पाळी शनिवारी करून घेतली. वेचणीवाल्या दोघांच्या शेतात एका शनिवारी दहा पोरं गेली, दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. त्यांच्या आईने सगळ्यांना कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. सकाळचा सराव साडेपाचला सुरू व्हायचा तो पाचला सुरू झाला, आणि शेवटची वीस मिनिटं फक्त दमलेल्या पायांनी खेळायचं, असा सरांनी नियम केला.

आता जे लिहितेय ते लिहिताना अजून हात जड होतो.

१ डिसेंबर, घरचा सामना. चोपड्याकडचा एक स्ट्रायकर आमच्याकडे यायला तयार झाला होता. तो आधी दुसऱ्या क्लबकडे नोंदलेला, म्हणून ऑनलाइन बदलीचा अर्ज मी २५ नोव्हेंबरला भरला, शुल्क भरलं, पावती आली. मी ती फाईलला लावली. त्या सामन्यात आमचे सगळे मिळून अठरा जण हजर होते. आम्ही ०-२ ने मागे पडलो आणि त्या मुलाने दोन गोल केले. दुसरा गोल ८४ व्या मिनिटाला. सत्तराव्या मिनिटानंतर गोल खाणारे आम्ही, आम्ही गोल केला होता. २-२. पहिला गुण. माझ्या भावाने कोपऱ्यातून पळत येऊन मला उचललं, फाईलमधले कागद मैदानावर पसरले.

तीन दिवसांनी पत्र आलं. समोरच्या संघाने हरकत घेतली होती. बदलीचा अर्ज दाखल झाला होता, मंजूर झाला नव्हता. जुन्या क्लबची संमती यायची बाकी होती आणि पडद्यावर तसं लिहिलेलंही होतं. शुल्काची पावती आली म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले. लीगचा निर्णय नियमाप्रमाणेच होता, ०-३ पराभव. तो गुण माझ्यामुळे गेला.

मी सरांच्या घरी जाऊन राजीनामा देते म्हणाले. सरांनी विचारलं, "रविवारची यादी कोण करेल मग?" एवढंच. तो मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याच्या घरी गेले तर तोच मला म्हणाला, ताई, पुढच्या वेळी दोन परत करू. तेव्हापासून माझा नियम असा, आणि तो तुम्हीही पाळा. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक खेळाडूचं पान उघडायचं, 'मंजूर' हा शब्द डोळ्यांनी पाहायचा, त्या पानाची प्रिंट काढायची आणि ती यादीच्या मागे लावायची. अर्ज दाखल होणं आणि अर्ज मंजूर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८ डिसेंबरला ०-१ हरलो. पण तो एक गोलही अठराव्या मिनिटाचा होता, त्यानंतर दुसरा होऊ दिला नाही. १५ डिसेंबरला घरी १-१. या वेळी गुण आमचाच राहिला. मी बुधवारपर्यंत पत्राची वाट पाहत होते, कारण नसताना.

२२ डिसेंबर, नंदुरबार. क्रूझर परवडेना म्हणून सुरत मार्गाच्या गाडीने आदल्या संध्याकाळी गेलो. अमळनेर, दोंडाईचा मागे टाकत रात्री पोचलो, एका ओळखीच्या शिक्षकांनी शाळेचा हॉल झोपायला उघडून दिला. सकाळी मैदानाकडे जाताना रस्त्याच्या कडेला मिरचीच्या पथारी, नजर जाईल तिथवर लाल. ठसक्याने पोरांचे डोळे पाणावले. त्या संघात सातपुड्यातली मुलं होती. एवढं सलग, न थकता धावणारी मुलं मी आजवर पाहिली नाहीत. सरांनी पाच जण मागे ठेवले आणि चेंडू मिळाला की लांब फेका असं सांगितलं. पाऊण तासानंतर आमचा एक गोल, मग त्यांचा एक, मग पाचवा बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या यावलच्या मुलाने, तोच एक जूनवाला, थ्रो-इनवरून डोक्याने गोल केला. ७९ वं मिनिट. उरलेली अकरा मिनिटं आणि वरची चार मी उभी राहू शकले नाही, बाकावर डोळे मिटून बसले. २-१. पहिला विजय.

परतीच्या गाडीत गर्दी होती, पोरं दाराशी खाली बसली होती. गोलकीपर रात्रीच्या ड्युटीला लागणार होता म्हणून त्याला सगळ्यांनी बाकावर झोपायला जागा करून दिली. अमळनेरला कुणीतरी भजी घेतली. एवढा शांत आनंद मी फेब्रुवारीतल्या गुलालातही पाहिला नव्हता.

अर्धा हंगाम संपला तेव्हा सात सामने, चार गुण. आठ संघांत आम्ही सातवे, आणि खालचे दोन संघ परत जाणार.

पैशांचंही इथेच सांगते, कारण जानेवारीत आमचे पैसे संपले. प्रवेश शुल्क ८,०००, अनामत ५,०००, नोंदणी २६ जणांची दीडशेप्रमाणे ३,९००. घरच्या सामन्याला रुग्णवाहिका उभी ठेवावी लागते, एका सामन्याचे १,८००. रेफ्री आणि लाइनमन मिळून सामन्याला २,४००. घरचे सामने सात. जर्सी दोन रंगांच्या लागतात, समोरच्याचा रंग सारखा निघाला तर, त्याचे १९,५००. चार चेंडू ६,६००. फक्की, गोलच्या जाळ्या, बर्फ, पट्ट्या यात ६,६००. आणि प्रवास ४२,०००. एकूण १,२१,०००, वकिलांचे सोडून. आदल्या वर्षी आमचं ३८,००० मध्ये झालं होतं. आम्ही प्रवासाचा अंदाज निम्माच धरला होता. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याने जानेवारी-फेब्रुवारीचा प्रवास उचलला, बाजारपेठेतल्या दुकानदारांनी ५०० पासून ५,००० पर्यंत दिले. मागायला जाताना मी लेखापरीक्षकांनी तपासलेला गेल्या वर्षीचा जमाखर्च सोबत न्यायचे. तो कागद दाखवला की माणसाचा विश्वास बसतो.

५ जानेवारीला धुळ्याचा संघ आमच्याकडे आला. ०-२ हरलो, पण मागच्या ०-६ नंतर ते दोन गोल मला फार मोठे नाही वाटले. १२ ला ०-०. १९ ला १-०, घरच्या मैदानावरचा पहिला विजय, तोही १० नोव्हेंबरला ज्यांच्यासमोर आम्ही ०-२ हरलो होतो त्यांच्याविरुद्ध. २६ जानेवारीला सामने नव्हते. २ फेब्रुवारीला १-४. त्या दिवशी वहीत फक्त चौदा 'हो' होते, लग्नाची दाट तिथ होती, आणि आम्हाला ते आठवडाभर आधी कळायला हवं होतं. पंचांग पाहून जानेवारीतच लग्नांच्या तारखा वहीत लिहून ठेवा. ९ ला २-२, १६ ला १-१.

त्याच हिवाळ्यात कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग आयएसएलमधलं आपलं पहिलं वर्ष खेळत होता आणि तळाशी अडकला होता. एवढ्या जुन्या, एवढ्या मोठ्या क्लबलाही पहिलं वर्ष जड जातं, हे पाहून पोरांना धीर यायचा. मला मात्र त्यांच्या सामन्यांनंतर वाईट वाटायचं. शेवटी ते तेराव्या, म्हणजे अखेरच्या क्रमांकावर राहिले.

२३ फेब्रुवारी २०२५. शेवटचा सामना, घरी, नंदुरबारच्याच संघाशी. आमचे दहा गुण, आमच्या वरच्या संघाचेही दहा, पण गोलफरकात ते पाचने पुढे. त्यांचा सामना त्याच वेळी जळगावात. आम्हाला त्यांच्यापेक्षा सरस निकाल हवा होता. दुपारी दुबईत भारत-पाकिस्तानचा क्रिकेट सामना होता, म्हणून लीगने सामने सकाळी साडेआठला ठेवले होते. तरी मैदानाभोवती तीनशे माणसं उभी. शनिवारी वहीत बावीस 'हो' आले होते. गोलकीपर पहाटे साडेचारला ड्युटीवरून आला, दोन तास झोपला आणि मैदानावर हजर झाला.

रेफ्री रांगेत उभं करून एकेकाचं नाव घेत होते. नंबर, नाव, चेहरा वर, फोटोकडे नजर, खूण. मी शेजारी प्रिंटचा गठ्ठा धरून उभी. अठरा खुणा झाल्या तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

तेविसाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. विश्रांतीनंतर चोपड्याच्या मुलाने बरोबरी साधली. मग काहीच घडत नव्हतं आणि सगळं घडत होतं. भावाच्या पोटरीला गोळा आला, सरांनी त्याला बाहेर काढून दुसरा उतरवला, आणि मला आठवलं की ऑक्टोबरमध्ये उतरवायला दुसरा कुणी नव्हता. ८८ व्या मिनिटाला त्यांच्या एका मुलाने वीस यार्डांवरून मारलेला फटका आडव्या दांड्याकडे गेला. गोलकीपरने उडी घेतली आणि बोटांच्या टोकांनी चेंडू वरून काढला. २.४४ मीटर. त्याच्यामागे ऑगस्टमध्ये खणलेली जमीन होती.

१-१. आमचा सामना आधी संपला. जळगावचा अजून चालू होता, तिथं कुणाचाच फोन लागत नव्हता. पोरं मैदानावरच बसून राहिली. अकरा मिनिटांनी सरांच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. सरांनी फक्त ऐकलं, "बरं" म्हणाले, फोन खिशात ठेवला आणि मग म्हणाले, "ते हरले."

अकरा गुण, सहावा क्रमांक. दोन विजय, पाच बरोबरी, सात पराभव. केलेले गोल १०, खाल्लेले २७. नंदुरबारच्या पोरांनी आमच्या पोरांना मिठ्या मारल्या. त्या दिवशी गुलाल कुणी आणला नव्हता. सरांनी सगळ्यांना मैदानातले बाटल्या आणि कागद उचलायला लावले आणि बारा वाजता घरी पाठवलं.

अनामतीचे ५,००० रुपये १२ मार्चला खात्यात परत आले. त्यातून गोलच्या जाळ्या घेतल्या, जुन्या दोन ठिकाणी फाटल्या होत्या. कार्यकारी मंडळात या वर्षी एक बदल झाला. त्याचा बदल अर्ज ठरावाच्या अकराव्या दिवशी दिला, पोच फाईलला लावली आहे. खालच्या गटातून वर आलेल्या क्लबचे सचिव परवा माझ्या केंद्रावर आले होते. त्यांच्या कागदावरचं मंडळ २०१४ चं आहे. आमच्या अर्जांच्या प्रती त्यांना काढून दिल्या, आणि मैदानावर जाताना टेप न्या, असं सांगितलं.